गुडघ्याची बातमी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सारसबागेत सकाळी फिरणाऱ्या आमच्या कंपूला ठाऊक आहे की मी वीसेक वर्षं एका दैनिकात परदेशी बातम्यांचं पान लावलं. त्यामुळे लंडनच्या राजवाड्यातलं काही छापून आलं की प्रश्न ठरलेला: "काय हो, ह्यांना हे आतलं कळतं तरी कसं?"

सगळ्यांना डायना आठवते. पॅरिसचा बोगदा, मागे लागलेले फोटोवाले. 31 ऑगस्ट 1997 ची ती रात्र. आपल्याकडे पहाटेचे चार वाजत आले होते, रविवारचा अंक छापून गाडीत चढलेला. पण फोटोवाला निदान दिसतो तरी.

मला आठवतो तो गुडघा. नोव्हेंबर 2005 मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या लंडनच्या साप्ताहिकानं छापलं की प्रिन्स विल्यमचा गुडघा दुखावलाय. बस्स. आठवड्याभरानं दुसरी पुडी: टॉम ब्रॅडबी या टीव्ही पत्रकाराकडून तो काही सामान उसनं घेणार आहे. आता ही गोष्ट कितीजणांना ठाऊक असणार? दोघं भेटले तेव्हा हेच कोडं घालत बसले. तिकडे राजवाड्यातल्या कर्मचाऱ्यांना दिसत होतं की व्हॉइसमेलवरचे, म्हणजे फोन उचलला नाही की रेकॉर्ड होणारे, आपण न ऐकलेले निरोप 'ऐकलेले' झालेत.

युक्ती अगदी पोरकट होती. एकानं फोन लावून लाइन अडकवायची, दुसऱ्यानं त्याच वेळी लावायचा, म्हणजे तो व्हॉइसमेलवर जातो. तिथे कंपनीनं दिलेला मूळचा पिन टाकायचा. तो बदलायचे कष्ट कोण घेतो? बदललाच असेल, तर कंपनीला फोन करून थापा मारायच्या.

त्या साप्ताहिकासाठी राजघराण्याच्या बातम्या देणारे क्लाइव्ह गुडमन आणि खासगी गुप्तहेर ग्लेन मलकेअर पकडले गेले. शिक्षा झाली 26 जानेवारी 2007 ला: चार महिने आणि सहा महिने. आमची नेमकी सुट्टी, 27 ला अंकच नाही. 28 ला मी ती चार ओळींत उरकली. 2011 मध्ये मात्र खून झालेल्या एका शाळकरी मुलीचेही निरोप ऐकल्याचं उघड झालं, आणि 168 वर्षांचं ते साप्ताहिक बंद पडलं. तेव्हा पहिलं पान.

आणि उगाच साहेबाला नावं कशाला ठेवायची? नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात फोन एकच, मालकांकडे. माझ्या बहिणीचं स्थळ फिसकटल्याचा निरोप मालकीणबाईंनी घेतला. आई जिना चढून फोनपर्यंत जाईतो तळमजल्यावर चर्चा सुरू. मीही काही सोवळा नाही. पानाच्या तळाशी फट राहिली की राजघराण्याची एखादी चौकट हमखास डकवायचो. कुठून आली, कधी विचारलं नाही.

परवा हे सगळं कट्ट्यावर सांगून झालं. मंडळी गप्प. मग आमच्यातले एक निवृत्त बँकवाले काका पुढे सरकून म्हणाले, "ते राहू द्या. गुडघ्याचं पुढे काय झालं?"