विमान, बॅटरी आणि मेव्हण्याच्या शेजारचा ऊस

२०१९ च्या महापुरात माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. वार्निशचे डबे, तांब्याच्या तारेची रिळं, गिऱ्हाइकांचे पंप, सगळं चिखलात. पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी तेवढी कोरडी राहिली. तेव्हा ती उघडायला वेळ नव्हता आणि मनही नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात छताचा पत्रा बदलायला माणूस आला म्हणून ती खाली काढली. झाकण उचललं आणि एरंडेलाचा वास आला.

पुण्यात डिप्लोमा करताना, १९९८ साली, आम्ही चौघांनी वर्गणी काढून रिमोटचं विमान बांधलं होतं. बाल्सा लाकूड, त्यावर कागद आणि डोप नावाचं वार्निश, पुढे ४० साइजचं म्हणजे साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन. इंधन मेथॅनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मैदानावरून परतलं की शर्टाला, केसांना, बसच्या सीटला एरंडेलच. रिमोटमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल असायचा. दुसऱ्या कुणाकडे तोच क्रिस्टल असला आणि त्यानं चुकून रिमोट चालू केला की आपलं विमान गेलं. म्हणून एका फळीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत, प्रत्येकावर चॅनेलचा नंबर. चिमटा तुमच्या अँटेनाला असेल तरच बटण दाबायचं. आमचं विमान मात्र क्रिस्टलनं घालवलं नाही, मी घालवलं. समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, ते ऐन वेळी डोक्यात आलं नाही. दोन महिन्यांची बांधणी तीन सेकंदांत जमिनीत गेली. त्यानंतर नोकरी, मग दुकान, मग लग्न.

पेटीतलं काहीच कामाचं नव्हतं. रिमोटमधल्या निकेल-कॅडमियमच्या सेलांना हिरवट-पांढरी पूड आली होती आणि तिनं बोर्डावरचं तांबं खाल्लं होतं. इंजिन एरंडेल सुकून जाम झालेलं. दोन दिवस पेट्रोलमध्ये बुडवल्यावर ते फिरलं. आता ते दुकानाच्या काउंटरवर असतं, गिऱ्हाईक विचारतं की हा कसला छोटा कंप्रेसर.

नवं घ्यायचं ठरवलं आणि पहिली चूक तिथेच होणार होती. विसाव्या वर्षी जे परवडलं नव्हतं ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी हवं होतं: स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. खाली पंख, अंगावर लढाऊ रंग. पैसे भरायच्या बेतात होतो. दुकानात एक पोरगा येतो, इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तारा मागायला. त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "भारीये काका. पण पडल्यावर काय करणार?"

मी त्याला माझा अनुभव सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं.

हा प्रश्न मला तेव्हा झोंबला, पण पुढची सगळी खरेदी त्याच प्रश्नावर झाली. कसं उडेल हे नाही, पडल्यावर आपल्या हातानं, सांगलीत मिळणाऱ्या सामानातून उभं राहील का, एवढंच बघायचं. त्यामुळे वर पंख असलेलं, पंखांची टोकं थोडी उचललेली, तीन चॅनेलचं विमान ठरलं: मोटर, डावं-उजवं वळवणारा शेपटीचा रडर आणि नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर. पंख दोन्ही बाजूंना वर वळलेले असले की विमान कलंडलं तरी स्टिक सोडल्यावर आपोआप सरळ व्हायला बघतं. बांधायला फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्ड आणला, पण एक तुकडा वजनकाट्यावर ठेवल्यावर नाद सोडला. तो पीव्हीसी असतो, फार जड. मग स्टेशनरीच्या दुकानातला कागद चिकटवलेला पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड घेतला. पंखाची लांबी एक मीटर वीस, रुंदी वीस सेंटिमीटर.

मोटर आली तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ती खोलून बघितली. २२१२ म्हणतात तिला, म्हणजे स्टेटरचा, आतल्या स्थिर गाभ्याचा, व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२. बारा स्लॉट, चौदा चुंबकं, आणि वाइंडिंग आत स्थिर. फिरतो तो बाहेरचा डबा. आयुष्यभर शेतीपंपांच्या मोटारी भरल्या, पण स्लॉटमध्ये इतकी नेटकी तार क्वचित बघितली. तिच्यावर १००० केव्ही लिहिलंय. पहिल्यांदा मी दचकलो, पण हे किलोव्होल्ट नव्हेत. एका व्होल्टला मिनिटाला मोकळे किती फेरे, तो आकडा. ११.१ व्होल्टला अकरा हजार शंभर. टर्न कमी केले तर केव्ही वाढतो, वाढवले तर उतरतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मोटरला तीन वायरी. जोडल्यावर उलटी फिरली. पोरगा मोबाइलवर शोधायला लागला, तोवर मी दोन वायरी अदलाबदल करून मोकळा. थ्री फेजच आहे शेवटी! त्या दिवशी काका जरा फॉर्मात होते.

पंखा १० बाय ४.५ चा, म्हणजे दहा इंच व्यास आणि एका फेऱ्यात हिशोबाने साडेचार इंच पुढे. मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर तीस अँपिअरचा, रडर-एलिव्हेटर हलवणारे सर्व्हो नऊ ग्रॅमवाले. ते दोनच लागतात, मी चार घेतले, कारण त्यांचे प्लास्टिकचे दाते पहिल्या आदळण्याला जातात.

रिमोट फ्लायस्काय कंपनीचा आय-सिक्स घेतला. सहा चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झ, साधे चार पेन्सिल सेल. विमानातला रिसीव्हर आपल्या रिमोटला एकदा बांधला की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. चिमट्यांची फळी इतिहासजमा. पण पेच वेगळाच निघाला. पुण्यात मी मोड वनवर शिकलो होतो, थ्रॉटल म्हणजे वेगाची स्टिक उजव्या हाताला. आता बाजारात बहुतेक मोड टू, थ्रॉटल डावीकडे. उघडून स्प्रिंग बदलता येते, मेनूतही बदल होतो, आणि उघडणं हा तर माझा धंदाच. तरी नाही बदललं. आजूबाजूला जे कोणी उडवतात ते मोड टूवर. माझं विमान हाताबाहेर गेलं तर रिमोट कुणाच्या हातात देणार? मग तीन आठवडे रोज रात्री पिकासिम हा फुकटचा सिम्युलेटर. पहिल्या आठवड्यात मी वेग वाढवायला उजवी स्टिक ढकलायचो आणि विमान नाकावर, कारण तिथे आता एलिव्हेटर. बायको विचारायची, "आज किती पाडली?" तिथेच पुण्यातली जुनी चूक सुटली. विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली गेलाय, त्याच बाजूला स्टिक ढकलायची. विचार करायचा नाही.

कायद्याचं फार अवघड नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलो हा मायक्रो गट, धंद्यासाठी नसेल तर पायलटचं लायसन्स लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्यात आहे का बघायची आणि ४०० फुटांच्या खाली राहायचं. भिलवडीच्या अलीकडे मेव्हण्याचं रान आहे, ते हिरव्यात निघालं. ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर अडीच एकर मोकळं. फक्त तीन बाजूंना ऊस.

आता बॅटरी. लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर, तीन सेलची, २२०० मिलिअँपिअर-अवरची. पूर्ण भरल्यावर सेलला ४.२ व्होल्ट, आणि ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर आणून ठेवायची. मला हे माहीत होतं, पोरानं दोनदा सांगितलं होतं. तरी रविवारी जायचं म्हणून शनिवारी फुल चार्ज केली, रविवारी पाऊस आला, आणि ती तशीच पत्र्याच्या दुकानात पंधरा दिवस राहिली. उचलली तेव्हा पोळीसारखी टम्म. फुगलेली लिपो परत चार्ज करायची नाही, आग लागू शकते.

म्हणून पहिल्या उड्डाणाला पोराची बॅटरी लावली, १३०० ची. ती साठ-सत्तर ग्रॅमनं हलकी, आणि बसते विमानाच्या नाकात. तोल मी घरी मोजला होता, पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर, पण जुन्या बॅटरीनिशी. आता शेपटी जड झाली होती. पोरानं विमान भिरकावलं. ते सुटलं आणि नाक वर करून चढतच गेलं. मी स्टिक पुढे ढकलली, खाली आलं, सोडली की परत वर. दोन वेळा घोड्यासारखं उधळलं, तिसऱ्यांदा हवेत थबकलं आणि एका पंखावर उसात.

ऑक्टोबरचा ऊस माझ्या डोक्याच्या वर चार फूट. आत शिरलं की दिशा कळत नाही, पात्यांनी हात कापतात, आणि वारा सुटला की सगळं रान सळसळतं. पोरगा म्हणाला रिमोट बंद करा. सिग्नल गेला की कंट्रोलर मोटरमधून पीप-पीप करत राहतो. केला. वारा थांबेल तेव्हाच ऐकू येणार. बांधावर एक आण्णा वैरण घेऊन चालले होते.

"काय हुडकायलाय ओ?"

"विमान पडलंय."

"इमान?" ते थांबले. "फवारणीचं हाय का? एकराला कसं घेता?"

मी फवारणीचं नाही म्हटल्यावर त्यांनी वैरण खाली ठेवली आणि आमच्याबरोबर कान लावून उभे राहिले. पीप त्यांनाच पहिल्यांदा ऐकू आला. चौथ्या सरीत होतं, पाण्याच्या पाटाजवळ. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर शाबूत. पंख मात्र दवात भिजून कागद सुटलेला.

दुसरा पंख मी सनपॅकचा केला, खांबाला बांधतात ना तो नळ्यांचा प्लास्टिक बोर्ड. नळ्या पंखाच्या लांबीत ठेवायच्या, म्हणजे वाकत नाही. आत ॲल्युमिनियमची पातळ पाइप. दव, चिखल, ऊस, काही होत नाही. नवी बॅटरी आणली, तोल दोन बोटांवर मैदानातच बघायला लागलो.

सनपॅक ज्या फ्लेक्सवाल्यानं दिला त्याच्याकडे वाढदिवसाचा छापून उरलेला होता. पांढरी बाजू वर, छापील खाली. त्यामुळे आता विमान वळून डोक्यावरून येताना डाव्या पंखाखाली 'हार्दिक' दिसतं आणि उजव्याखाली कुणाचातरी अर्धा नमस्कार. कुठला पंख कुठला, हे मला त्या नमस्कारावरून कळतं.