फ्रीझरमधली जुनी लघवी टाकून देऊ नका

जुन्या हेल्थ स्टडीजमध्ये खूपदा रक्ताचं सॅम्पल संपलेलं असतं, किंवा मुळात घेतलेलंच नसतं कारण तेव्हा जेनेटिक्स कुणाच्या डोक्यात नव्हतं, पण अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत वाढणारं प्रथिन) नाहीतर सोडियम मोजायला घेतलेली लघवी मात्र डीप फ्रीझरमध्ये तशीच पडून असते. आणि जागा रिकामी करायची वेळ आली की पहिली गदा तिच्यावरच येते. मला हे अजिबात बघवत नाही, कारण त्या लघवीतूनही डीएनए काढता येतो. त्या ट्यूबमागे एकेका माणसाची वर्षानुवर्षांची नोंद असते हो, किडनी कधी बिघडली, शुगर कधी निघाली, कोण कधी गेलं. गेलेल्या माणसाचं रक्त आता कुठून आणणार?

लघवीत डीएनए असतोच. निरोगी माणसाच्या लघवीतूनसुद्धा मूत्राशयाच्या अस्तराच्या, किडनीतल्या नलिकांच्या पेशी गळून येत असतात, थोड्या पांढऱ्या पेशी असतात, बायकांच्या सॅम्पलमध्ये योनिमार्गाच्या पेशीही मिसळतात म्हणून त्यांच्यात डीएनए साधारणपणे जास्त सापडतो. एका पेशीत जेमतेम ६.६ पिकोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार पिकोग्रॅम), त्यामुळे रक्ताची सर येणार नाही हे कबूल. पण जीनोममधल्या ठरावीक जागा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, बघायच्या असतील तर काही नॅनोग्रॅमसुद्धा पुरतात.

खरी मेख साठवण्यात आहे. लघवीत डीएनएचे तुकडे करणारं डीनेज नावाचं एन्झाइम असतं, त्याला काम करायला मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं, म्हणून सॅम्पल ताजं असतानाच ईडीटीए नावाचं रसायन घातलं की ते हे धातू बांधून ठेवतं आणि डीएनए वाचतो. जुन्या सॅम्पलमध्ये हे बहुतेकदा कुणी घातलेलं नसतं. त्यात ते उणे २० अंश सेल्सियसला ठेवलेलं असेल आणि दर टेस्टसाठी वितळवून परत गोठवलेलं असेल तर अजून नुकसान. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात जोरात फिरवून पेशी तळाशी बसवून, फक्त वरचं पाणी साठवलेलं, पेशी त्याच दिवशी बेसिनमध्ये गेलेल्या. त्यात मग पेशीबाहेरचे बारीक तुकडे तेवढे उरतात.

काम करताना एक गोष्ट नीट बघा. ट्यूब वितळली की तळाशी पांढरट, कधी विटकरी गाळ बसलेला दिसतो. तो क्षारांचा नि प्रथिनांचा असतो, आणि पेशी त्यातच अडकलेल्या असतात. नवीन मुलं वरचं स्वच्छ पाणी पिपेटने उचलतात, डीएनए काढायच्या किटमध्ये घालतात आणि मग वहीत लिहितात की डीएनए मिळाला नाही. आधी गाळासकट ट्यूब नीट हलवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, आणि खाली बसलेलं घ्यायचं. युरिया पीसीआर अडवतो, म्हणून धुण्याच्या स्टेप्स गाळू नका. आणि प्रकाश किती शोषला जातो त्यावरून डीएनए मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आकड्यावर खूश होऊ नका कारण त्यात बॅक्टेरियाचा डीएनएही मोजला जातो, माणसाचा किती हे मानवी जीनच्या क्यूपीसीआरनेच (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरनेच) कळतं.

मग प्रश्न, हा डीएनए त्याच माणसाचा का? लेबलं बदललेली असू शकतात, तर निदान नोंदीतलं लिंग डीएनएशी जुळवून बघा. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्याच्या लघवीत दात्याच्या किडनीच्या पेशीही येतात, म्हणजे बाईच्या सॅम्पलमध्ये वाय क्रोमोसोम सापडला तर ती लेबलची चूक असेलच असं नाही. मूत्राशयात ट्यूमर असेल तर त्याचे बदलही दिसणार, जे जन्मजात नसतात. असे लोक वेगळे काढावेच लागतात.

आणि परवानगीचं काय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लघवी दिली तेव्हा त्या माणसाने अल्ब्युमिनसाठी दिली होती. अमेरिकेत हावासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० च्या दशकात डायबिटीसच्या अभ्यासासाठी रक्त दिलं आणि ते स्किझोफ्रेनिया, स्थलांतर अशा विषयांवर वापरलं गेलं, शेवटी २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला ७ लाख डॉलर देऊन समझोता करावा लागला, उरलेलं रक्तही परत द्यावं लागलं. तिथे रक्त होतं, पण म्हणून लघवीला वेगळा न्याय कशाला? त्यातूनही तोच माणूस ओळखता येतो, त्याची मुलंबाळंही. म्हणून फ्रीझर उघडण्याआधी जुना संमतीचा फॉर्म काढून वाचा, जे हयात आहेत त्यांना परत विचारा, बाकीच्यांचं एथिक्स कमिटीसमोर ठेवा.

आणि ज्यांची स्टडी आत्ता सुरू होतेय त्यांनी प्लीज प्रत्येकाची एक व्हायल न फिरवता, ईडीटीए घालून, उणे ८० ला ठेवा आणि फॉर्ममध्ये जेनेटिक चाचणीचा प्रश्न वेगळा विचारा.