खिशातली तार

माझ्या काळ्या कुर्त्याला आतून एक छोटा खिसा शिवून घेतलेला आहे. त्यात व्हायोलिनची एक ई तार, म्हणजे सगळ्यात बारीक तार, असते, पाकिटातून काढून सैल गुंडाळलेली. ऑर्केस्ट्रात दोघं-दोघं एका डेस्कवर बसतात. शेवटच्या डेस्कवर बसणार असशील तर जास्तीची तार केसमध्ये नको, अंगावर हवी, हा मला व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांचा नियम. पंधरा वर्षांत ती कधी लागली नव्हती. गेल्या डिसेंबरात लागली.

कार्यक्रम दक्षिण मुंबईतला. मी त्या ऑर्केस्ट्राची कायमची वादक नाही. माणसं कमी पडली की फोन येतो, चार-पाच रिहर्सल, एक कार्यक्रम, की झालं. नेमकं त्याच तारखेला उदयपूरच्या एका लग्नात क्वार्टेटसाठी विचारणं आलं होतं आणि तिथल्या एका संध्याकाळचे पैसे इथल्या अख्ख्या आठवड्यापेक्षा जास्त होते. त्यातून एका जुन्या आयोजकाने माझं मानधन सहा महिने अडकवून ठेवलेलं. घरचे म्हणाले, लग्नच घे. पण इथे मेंडेल्सोहनचा ई मायनर कॉन्चेर्टो होता, एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना. मी हो म्हणून मोकळी झाले.

सरांबद्दल आधी सांगायला हवं. सर मूळचे सासष्टीचे. त्यांच्या लहानपणी गोव्यातल्या चर्चच्या शाळांत हातात वाद्य देण्याआधी सोल्फेज घोटून घेत, म्हणजे स्वर वाचायचे आणि गळ्याने म्हणायचे. प्यारेलालजी ज्यांच्याकडे शिकले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस सरांच्या आधीच्या पिढीतले. त्याच वाटेने सर मुंबईत आले, धोबी तलावला गावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहिले आणि जवळजवळ चाळीस वर्षं फिल्मच्या रेकॉर्डिंगला वाजवलं. तेव्हा एकेका गाण्याला व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा बसत. नोटेशन समोर आलं, एकदा वाचून पाहिलं, की टेक. मी या धंद्यात आले तोवर सिंथेसायझरने त्या रांगा खाऊन टाकल्या होत्या. आता चौघं बसतो, तोच भाग चार वेळा वाजवतो आणि मिक्सिंगमध्ये त्याची सोळा व्हायोलिनं होतात. बाकीचं पोट शिकवण्यांवर, ग्रेडच्या परीक्षांच्या मुलांवर आणि लग्नांवर.

मी शिकायचे त्या माहीमच्या खोलीत दर शनिवारी रियाझ संपला की सर रेडिओ मोठ्याने लावायचे. म्हणायचे, "ई काढ. परत घाल. सुरात आण." एवढ्या गोंगाटात नुसत्या कानाला काही कळत नाही. म्हणून व्हायोलिनचं डोकं, जिथे खुंट्या असतात ते, कानामागच्या हाडाला टेकवायचं आणि अंगठ्याने तार जेमतेम छेडायची. सूर हाडातून आत येतो. शेजारच्या ए तारेला षड्ज धरलं तर ई म्हणजे तिचा पंचम. तो पंचम हाडात स्थिर झाला की तार लागली. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. परीक्षेत कुठे हे विचारतात?

त्या रात्री पहिल्या मूव्हमेंटमधली, म्हणजे रचनेच्या पहिल्या भागातली, कडेन्झा (एकल वादक एकटाच वाजवतो तो तुकडा) संपली आणि आम्ही मूळ धून उचलली. एकल वादिका परदेशातून आलेली, तिचा बो, म्हणजे गज, अजून चारही तारांवर उड्या घेत होता. तार तुटल्याचा आवाज मागे आलाच नाही. मला दिसलं ते एवढंच की ती वळली, पहिल्या डेस्कवरच्या मुख्य व्हायोलिनवादकाने, लीडरने, आपलं व्हायोलिन तिच्या हातात दिलं आणि ती पुढे वाजवू लागली. हा रिवाज जुना आहे. 1986 मध्ये अमेरिकेत टँगलवूडच्या संगीत महोत्सवात 14 वर्षांच्या व्हायोलिनवादक मिदोरीची ई तार एकाच रचनेत दोनदा तुटली, तेव्हाही तिने असंच शेजाऱ्यांचं वाद्य घेऊन ती रचना पुरी केली होती. लीडर आपल्या डेस्कवरच्या जोडीदाराचं व्हायोलिन घेतो, आणि तुटक्या तारेचं वाद्य हातोहात मागे येतं. शेवटच्या डेस्कपर्यंत. माझ्यापर्यंत. माझं व्हायोलिन त्याच वाटेने पुढे गेलं.

या कॉन्चेर्टोच्या तिन्ही मूव्हमेंट सलग वाजतात. पहिली संपते तिथे सगळे थांबतात, पण बासून हे फुंकवाद्य एक स्वर धरून ठेवतं आणि त्या स्वरावरूनच दुसरी सुरू होते. तिची एकल धून यायला मोजके बार असतात. वाद्य परत करायचं तर तिथेच. माझ्या हातात चार मिनिटंसुद्धा नव्हती.

मांडीवर कुणाचं, किती जुनं, केवढ्याचं व्हायोलिन आहे हे मनात आणायचं नाही असं ठरवलं. तारांचं खालचं टोक अडकतं त्या टेलपीसवरच्या फाइन ट्यूनरमधून, म्हणजे सूर बारीक जुळवायच्या स्क्रूमधून, तुटका तुकडा सोडवला, खुंटीवरचा उरलेला उलगडला, दोन्ही खिशात. बाकीच्या तीन तारांना बोट लावायचं नाही, तारांखालची घोडी त्यांच्या दाबावरच उभी असते. नवीन तारेचं टोक खुंटीच्या भोकात घातलं आणि फिरवायला लागले. एसीत खुंटी सुकते आणि सटकते, म्हणून फिरवताना आत दाबत राहावं लागतं. एकदा सटकलीच. ई तार म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपासचं नुसतं पोलाद, तिच्यावर सात-आठ किलोंचा ताण. दुसऱ्यांदा हळू. तीन वेढे, एकाशेजारी एक. घोडी किंचित पुढे झुकली होती, ती दोन्ही अंगठ्यांनी सरळ केली. मग वाद्याचं डोकं कानामागे टेकवलं.

समोर पूर्ण ऑर्केस्ट्रा जोरात. आणि हाडात पंचम, खाली उतरत असलेला. नवी तार ताणली की सुटते, परत चढवायची, बोटाने ओढून पाहायची, परत चढवायची. सहा वेळा केलं असेल. मध्येच एकदा जाणवलं की चार डेस्क पुढे माझं व्हायोलिन वाजतंय आणि मी ते वाजवत नाहीये. ते सरांचंच, जर्मनीत मार्कन्युकिर्शेनच्या कारखान्यात बनलेलं, सरांनी रेकॉर्डिंगला नेलेलं. इतक्या व्हायोलिनांतून त्याचा आवाज वेगळा कळेना.

शेवटचा स्वरमेळ झाला आणि एकटा बासून उरला. आमचे हात मोकळे होते. तिचं व्हायोलिन पुढे गेलं, माझं मागे आलं. तिने ते कानाजवळ घेऊन ई एकदा छेडली, फाइन ट्यूनर केसभर फिरवला आणि खांद्यावर ठेवलं. पुढचे काही बार मी वाजवले असतील, मला आठवत नाहीत. माझ्या व्हायोलिनची हनुवटीची पट्टी दुसऱ्या कुणाच्या अंगाने गरम होती, तेवढं आठवतं.

कार्यक्रमानंतर ती ग्रीनरूममध्ये शोधत आली. खुंटीवरचे वेढे मला दाखवले आणि विचारलं, कुणी शिकवलं? मी सरांचं नाव सांगितलं. तिने आपल्या केसमधली एक कोरी ई तार माझ्या हातात ठेवली.

रात्री साडेअकराला सरांना गोव्याला फोन लावला. ते जागेच होते.

"वेढे किती?"

"तीन, सर."

"एकावर एक चढला?"

"नाही सर."

"बरें. आणि माझं व्हायोलिन? ते कोणाकडे होतं?"

"पहिल्या डेस्कवर, सर. लीडरच्या शेजारी."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"मेंडेल्सोहन?" त्यांनी विचारलं.

"हो सर. पहिली मूव्हमेंट संपेपर्यंत."

"झोप आता गो बाय. सकाळी शिफ्ट आहे ना?"

होती. नऊची, अंधेरीला. झोपायच्या आधी तिने दिलेली तार पाकिटातून काढली, सैल गुंडाळली आणि खिशात ठेवली.