नळ आसा गो

"नळ आसा गो चेडवा. पण पाणी कधी येता, ता नाय इचारलंस?"

देवगडजवळच्या एका वाडीत आज दुपारी आजींनी आमच्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला हे विचारलं. तिच्या हातातला पाणी-सर्वेक्षणाचा फॉर्म मीच तपासून दिलेला. प्रश्न चौथा: घरात नळ आहे का? होय / नाही. तिने 'होय'वर खूण करूनही टाकली होती.

गटात तिघं आहेत. भूगोलवाल्याने इथल्या जांभ्या दगडाचं सांगितलं: सिंधुदुर्गात वर्षाला पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास, पण सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं, एप्रिलात विहिरी तळाला. संख्याशास्त्रवाला गोंधळला, आजींचं वाक्य कुठल्या रकान्यात बसवू?

फॉर्म भरणाऱ्या मराठीच्या मुलीने मात्र ते वाक्य फॉर्मच्या समासात मालवणीतच, जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

रात्री तो समासच वाचत बसले. जलजीवन मिशन या केंद्राच्या नळपाणी योजनेचा निकष माणशी रोज 55 लिटर. आणि आमच्या फॉर्मात हंडे मोजायचा प्रश्नच नाही! ही चूक माझी, मुलांची नव्हे.

उद्या चौथा प्रश्न बदलून पुन्हा त्याच घरांत जातोय. किनाऱ्यावरच्या मंडळींनो, अजून काय विचारायला हवं?