तुम्ही विचारलंत म्हणून: नेपाळला सेवेला जायचंय, तयारी काय करू?

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "सर, मे महिन्यात नेपाळला टीम जातेय म्हणे. मलाही यायचंय. तयारी काय करू?" फोन कधी नवापूरचा असतो, कधी विसरवाडीचा, कधी शहाद्याकडचा. विचारणारा बहुधा पंचविशीच्या आतला, चर्चच्या तरुण संघात गिटार किंवा ढोलकी वाजवणारा. त्याला सामानाची यादी हवी असते. यादी मी देतोच, पण आधी उलट विचारतो की तुम्हाला बोलावलंय कोणी?

"प्रभूने," असं उत्तर येतं. त्यावर मी वाद घालत नाही. पण प्रभूबरोबर तिथल्या एखाद्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चनेही बोलावलेलं असावं, आणि तेही लेखी. कोणतं गाव, कोणत्या तारखा, काम काय, किती माणसांची झोपायची सोय होईल, स्वयंपाक कोण करणार. या पाच गोष्टी त्यांच्याकडून लिहून आल्या की निम्मी तयारी झाली. आपणच कार्यक्रम ठरवून "आम्ही येतोय" असं कळवलं, तर ते नाही म्हणणार नाहीत. अडचण तिथेच आहे.

हा हट्ट मला खानदेशातच लागला. आमच्याकडे परदेशी पाहुण्यांची जुनी परंपरा. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आली, मराठी शिकली, भिली-मावची शिकली आणि वर्षानुवर्षं राहिली. नंदुरबारची एस. ए. मिशन शाळा त्यांचीच. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल १९४२चं. त्या लोकांच्याही चुका झाल्याच असतील, पण दुरुस्त करायला त्यांच्या हाताशी आयुष्य होतं. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला ती सवलत नाही.

पंधरा दिवसांच्या टीमही आम्ही पाहिल्यात. एका गावात एका टीमने चर्चच्या भिंतींना आकाशी रंग दिला. पुढच्या वर्षी दुसरी टीम आली. तिलाही काहीतरी काम हवं होतं, म्हणून तिने त्याच भिंती क्रीम केल्या. गावात रंगकाम करणारा माणूस होता, मंडळीचाच. तो निंबाखाली बसून बघत होता. कोणी सोबत लोकरी जॅकेटं आणली होती, नंदुरबारच्या उन्हात वाटायला. आणि मागच्या पडवीत आमच्या बाया दोन चुली पेटवून दोन स्वयंपाक करत होत्या, एक गावाचा, एक बिनतिखटाचा. पाहुण्याला कोण बोलणार? सगळ्यांनी हसून हात मिळवले, फोटो काढले आणि स्टेशनापर्यंत पोचवायलाही गेले. आता पाहुणे आपण आहोत, आणि तिकडची माणसंही अशीच हसून गप्प बसतील, एवढं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं त्याला बाकीचं शिकवावं लागत नाही.

आता कायदा. हा भाग लोक घाईने ऐकतात, म्हणून मी दोनदा सांगतो. नेपाळमध्ये आपला धर्म पाळायची मोकळीक आहे, पण दुसऱ्याचा धर्म बदलायला लावणं २०१५च्या संविधानाने निषिद्ध केलंय. ऑगस्ट २०१८पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८मध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. प्रयत्न करणं आणि उत्तेजन देणं हेही त्यात धरलंय. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. त्यामुळे बसस्टँडवर पत्रकं वाटायची, रस्त्यात उभं राहून प्रार्थना करायची, असले बेत मनात असतील तर इथेच सोडा. मंडळीने आपल्या उपासनेत बोलावलं, तर तिथे साक्ष द्या, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगा, गा, तरुणांबरोबर बायबल वाचा. गोळ्या-औषधांचं शिबिर भरवायचं असेल तर त्यालाही परवानग्या लागतात. आपल्याकडच्या डॉक्टरला तिथे रुग्ण तपासायचे तर नेपाळच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी आधी हवी. "सेवाच तर करतोय" हे कारण चालत नाही, आणि चालूही नये.

काही जण म्हणतात, सर, इतकं भिऊन कसं चालेल? बायबलमधला प्रेषित पौल भ्याला का? पौल स्वतः तुरुंगात गेला, दुसऱ्याला अडकवून घरी परतला नाही. आपण गोरखपूरला गाडीत बसलो की सुटलो. पोलीस येतील ते तिथल्या पाळकाकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूकडे. त्यांची बायको, लेकरं, भाड्याची खोली सगळं तिथेच असतं. म्हणून फोटोंचा माझा नियम कडक आहे. स्टेटसला काही नाही, गावाचं नाव नाही, कोणाचा चेहरा नाही, "इतक्या जणांनी प्रभूला स्वीकारलं" असले आकडे तर नाहीतच. परत आल्यावर मंडळीला काय दाखवायचं ते तिथल्या पाळकांना विचारून. नवापूर तालुक्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका फोटोवरून गावात काय काय उभं राहतं, ते आपण बघतोच.

लहान लेकरांबद्दलही तसंच. "एखाद्या अनाथाश्रमाला भेट ठेवा ना" अशी मागणी हमखास येते. मी ठेवत नाही. नेपाळमधल्या अशा घरांतल्या पुष्कळ मुलांचे आईबाप किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात. शिक्षणाच्या आशेने, कधी दलालाच्या भूलथापांना फसून मुलांना तिथे ठेवलेलं असतं. पाहुणे येतात, खाऊ देतात, मांडीवर घेतात, रडतात आणि जातात. पुढच्या आठवड्यात दुसरे पाहुणे. त्या लेकरांच्या जिवाशी हा खेळ आपण करू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९५०च्या करारामुळे आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर भागत नाही, पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांना तेवढी सूट. आमच्या भागात घोळ होतो तो नावाचा. शाळेच्या दाखल्यावर दिलवर, चर्चच्या वहीत डॅनियल, मतदार कार्डावर आडनाव एका स्पेलिंगने आणि तिकिटावर दुसऱ्याच. तिकीट काढण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडून ताडून बघा. रस्त्याने जायचं तर भुसावळला कुशीनगर एक्सप्रेस, गोरखपूरला उतरून बसने सीमेवरची सुनौली, मग पायी सीमेची कमान ओलांडायची. पलीकडे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं आणि शंभराचे एकशे साठ नेपाळी रुपये मोजायचे. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मुक्काम उंचावरच्या गावात असेल तर चढ सावकाश चढा. आपल्याकडचं सगळ्यात थंड ठिकाण म्हणजे तोरणमाळ, त्याच्या जोरावर हिमालयात छाती काढू नका.

एक गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्या उपासनेला शनिवारी जमतात. २५ एप्रिल २०१५चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला झाला. शाळा बंद होत्या म्हणून हजारो लेकरं वाचली. पण त्याच वेळी चर्चं भरलेली होती, आणि कित्येक ठिकाणी उपासनेला बसलेली माणसं भिंतीखाली गेली. तुम्ही ज्या घरी उतराल तिथे अशी आठवण असू शकते. "भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?" असं सहज बोलता बोलता विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं.

आणि "नेपाळ म्हणजे आपलाच की" हे वाक्य तर चुकूनही नको. आपण प्रेमाने म्हणतो, त्यांना ते टोचतं. भूकंपानंतर काही महिन्यांतच सीमेवरची वाहतूक अडली. गॅस, पेट्रोल, औषधं सगळ्याचाच तुटवडा झाला. २०१६च्या फेब्रुवारीपर्यंत हे चाललं. नेपाळी लोकांनी त्याचा दोष भारताला दिला, भारत म्हणाला की हे नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे झालं. खरं-खोटं करायला आपण जात नाही. पण ज्या बाईने त्या थंडीत गॅसविना चूल फुंकली, तिच्या घरात बसून आपलेपणाचा हक्क सांगणं बरं दिसत नाही.

भाषेची भीती मात्र बाळगू नका. लिपी देवनागरीच आहे, त्यामुळे नेपाळी बायबल पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचता येतं. अर्थ निम्मा कळेल, उच्चारांना पोरं हसतील, हसू द्या. भेटल्यावर "जय मसीह" म्हणा. बाईमाणसाला दिदी, पुरुषाला दाइ. चपला बाहेर, बसायचं जमिनीवर, बहुतेक ठिकाणी बाया एकीकडे आणि पुरुष एकीकडे, म्हणजे आपल्या गावच्या चर्चसारखंच. साक्ष मराठीत लिहून काढा आणि पाच मिनिटांत बसवा. भाषांतर झालं की पाचाची दहा होतात. आमच्याकडे साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आजोबांपासून सुरुवात करतो, ते तिथे परवडत नाही.

सामानाची यादी ऐकून फोन करणाऱ्याची निराशा होते. एका माणसाला एकच बॅग, स्वतःला उचलता येईल एवढी. दोन जोड कपडे, स्वेटर, रेनकोट, कारण मे महिन्यात डोंगरात दुपारनंतर वळीव येतो. टॉर्च, बायबल, वही. वाटायला जुने कपडे अजिबात नकोत. जेवणाला दोन्ही वेळ डाळ-भात-तरकारी असते आणि ती पोटभर असते. ठेच्याची बरणी नेऊ का, असं प्रत्येक जण विचारतो. स्वतःपुरता ठेचा नेऊ नका. न्यायचंच असेल तर नंदुरबारची मिरची-पूड न्या, यजमानीणबाईंच्या हातात द्या आणि विसरून जा. आपलं तिखट दाखवून त्यांना चकित करू, असा मात्र गैरसमज नको. त्यांच्याकडे दल्ले खुर्सानी नावाची गोल बोराएवढी मिरची आहे. एक चावली की नंदुरबारचा माणूससुद्धा पाणी मागतो.

पैसा आमच्याकडे सुगीच्या उपासनेतून उभा राहतो. लोक तूर, पपया, भोपळे, कोंबड्या आणतात, आशीर्वादानंतर बाहेर लिलाव होतो. एकच कोंबडी तीन-तीनदा विकली जाते, कारण घेणारा ती परत वेदीपाशी ठेवतो आणि पाळक पुन्हा बोली लावतात. ज्या म्हाताऱ्या बाईने रोजंदारीतून ती बोली लावलेली असते, तिच्या पैशाने काठमांडूत खरेदी करताना हात आखडला पाहिजे. तिथल्या मंडळीला द्यायचं ते पाळकांच्या समितीच्या हातात, पावती घेऊन. कोणा एकाला बाजूला घेऊन खिशात नोट कोंबायची नाही, आणि "पुढच्या वर्षी छताचे पत्रे आम्ही देऊ" असं तर तोंडातून निघूच देऊ नका. ते वर्षभर वाट बघतात.

आता घरातल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न, जो तरुण लोक मला चोरून सांगतात. आजी म्हणते, "आठे काय सेवा सरी गई का, भो? तठे कसाले जास?" म्हणजे, इथली सेवा संपली का, तिकडे कशाला जातोस? आजीचं चूक नाही. धडगावकडच्या पाड्यांवर जायला आपल्याला सवड नसते आणि नेपाळला मात्र मन ओढतं, यात हौसेचा वाटा किती आणि हाकेचा किती, हे ज्याचं त्याने तपासावं. मी स्वतः जातो ते मुख्यतः शिकायला. मिशनऱ्यांना वर्षानुवर्षं दार बंद असलेल्या देशात मंडळी उभी राहिली ती तिथल्याच माणसांच्या हिमतीवर, कोणाच्या पैशाची वाट न बघता. १९५४मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं, तेही दवाखाने आणि शाळांसाठी, धर्मप्रसार न करण्याच्या अटीवर. आमच्या कित्येक मंडळ्यांना अजून पाळकाच्या पगारासाठी बाहेर बघायची सवय आहे. नेपाळच्या मंडळ्यांची ती हिंमत बघून आलेला पोरगा इथल्या कमिटीत वेगळं बोलतो, हे मी पाहिलंय.

तरी आजीचा मान राखून आम्ही एक अट घातली आहे. नेपाळचं नाव नक्की होण्याआधी सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर मुक्काम करायचा. फोन बंद. यजमान जे देतील ते खायचं, सांगतील ते काम करायचं, आणि काम नसेल तर नुसतं बसायचं. पाणी भरायला, शेण काढायला सगळे पुढे असतात. नुसतं बसणं जड जातं. दुसऱ्या दुपारी कोणीतरी "सर, भिंतींना रंग देऊया का?" म्हणतंच. त्याला मी त्या वर्षी थांबवतो.

यंदाचा मुक्काम एप्रिलच्या सुरुवातीला आहे. नाव द्यायचं असेल तर आधी घरच्यांशी आणि आपल्या पाळकसाहेबांशी बोला, मतदार कार्ड सापडतंय का बघा, आणि मग फोन करा. शाळा सुटल्यावर करा, तासाला उचलत नाही.