कर्लीच्या खाडीत पॅडलबोर्ड: साहित्य कसे निवडावे

पॅडलबोर्ड म्हणजे उभे राहून वल्हवायची तरंगती फळी. तो कोणता घ्यावा असे कुणी विचारले, की तो कोणत्या पाण्यात उतरवायचा आहे हे मी आधी विचारून घेते. धरणाच्या जलाशयातला बोर्ड, खाडीतला बोर्ड आणि लाटांवरचा बोर्ड या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानातील वर्णने वाचून हा फरक ध्यानात येत नाही. माझे पाणी सिंधुदुर्गातल्या कर्ली नदीचे आहे. नेरूरपारच्या पुलाखालून येणारी ही नदी देवबागच्या टोकाशी अरबी समुद्राला मिळते, पण त्याआधी देवबागच्या चिंचोळ्या भूपट्टीच्या आतल्या अंगाने ती बराच काळ समुद्राला समांतर वाहते. माडांच्या पलीकडे उघडा समुद्र आणि अलीकडे संथ खाडी अशी ही रचना उभे राहून वल्हवायला शिकण्यासाठी फार सोयीची आहे. माझे माहेर कुडाळचे असल्यामुळे या पाण्याची मला ओढ आहे हे खरे. पण ओढ बाजूला ठेवली तरीही नवशिक्याला मी उघड्या किनाऱ्याऐवजी अशा खाडीतच उतरायला सांगेन.

या खेळाला आजचे रूप हवाई बेटांवर मिळाले. वायकिकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे लोक पूर्वी बोर्डावर उभे राहून वल्हवत असत, आणि लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा यांनी माउई बेटावर त्याला नव्याने चालना दिली. आपल्याकडे कर्नाटकातील मुल्की येथे शांभवी नदीच्या मुखाजवळ आणि तमिळनाडूतील कोवलमच्या किनाऱ्यावर तो रुजला. मुल्कीच्या तन्वी जगदीशने या खेळात देशाचे नाव बाहेर नेले, आणि २०२४ मध्ये मंगळूरजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. आमच्या सिंधुदुर्गाला मुल्कीइतकेच चांगले पाणी लाभले आहे, त्यामुळे येथील मुलामुलींनीही या खेळात यावे असे मला मनापासून वाटते.

आता बोर्डाविषयी. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि सुट्टीत किनारा गाठणाऱ्या माणसाने हवा भरायचा बोर्डच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इपॉक्सीचा टणक बोर्ड पाण्यावर अधिक सफाईने सरकतो यात शंका नाही. परंतु तो ठेवायला जागा लागते, न्यायला गाडीच्या टपावर कॅरिअर लागते आणि खडकावर आपटला तर त्याला तडा जातो. हवेचा बोर्ड गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत बसतो, आणि पुण्याहून कुडाळला रात्रीच्या बसने जाताना तो डिकीत ठेवता येतो. हवा भरल्यावरही तो फुगा न होता सपाट फळीसारखा राहतो, याचे कारण त्याच्या आतल्या रचनेत आहे. वरच्या आणि खालच्या कापडाला जोडणारे हजारो बारीक धागे आत उभे विणलेले असतात, आणि दाब वाढला की ते ताणले जाऊन दोन्ही पृष्ठभाग समांतर धरून ठेवतात.

म्हणूनच जाडी आणि दाब या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. चार इंच जाडीचे बोर्ड स्वस्त मिळतात, पण पंचाहत्तर किलोचा माणूस उभा राहिला की ते मध्यभागी वाकतात, आणि वाकलेला बोर्ड वेगही घेत नाही व तोलही सांभाळू देत नाही. सहा इंच जाडी घ्यावी. सर्वसाधारण वापरासाठी साडेदहा फूट लांबी आणि ३२ इंच रुंदी हे माप बहुतेकांना पुरते. त्याची तरंगण्याची क्षमता ३०० लिटरच्या आसपास असते आणि पुढे एखादे लहान मूल बसवले तरी तो दबत नाही. साडेबारा फुटांचे लांब, टोकदार बोर्ड सरळ रेषेत दूरवर जाण्यासाठी उत्तम असतात, मात्र ते वळवायला अवघड जातात. हवा किती भरायची ते बोर्डावर छापलेले असते, बहुधा १२ ते १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक). हातपंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ हलतच नाही आणि शेवटचे तीन-चार अंक गाठताना दंड भरून येतात, म्हणून अनेकजण दहावरच थांबतात आणि पुढे बोर्ड डळमळतो अशी तक्रार करतात. पंप दांडा ओढताना व दाबताना अशा दोन्ही दिशांनी हवा भरणारा असावा, आणि दाब वाढल्यावर एकाच दिशेने भरण्याची सोय त्यात असावी.

बोर्डापेक्षा वल्ह्यावर अधिक विचार करावा, असे मी आग्रहाने सांगते. संचाबरोबर येणारे ॲल्युमिनियमचे वल्हे जड असते, आणि ते एका फेरीत शेकडो वेळा उचलायचे असल्यामुळे तो भार शेवटी खांद्यावर येतो. बोर्ड मध्यम प्रतीचा घेऊन उरलेले पैसे फायबरग्लास किंवा कार्बनच्या दांड्यावर घालावेत. लांबी आपल्या उंचीपेक्षा आठ-दहा इंच अधिक ठेवावी. वल्हे उभे धरून हात वर केला की त्याची मूठ मनगटापाशी यावी. पाते लहान निवडावे, कारण रुंद पाते ताकदवान दिसते पण स्नायू लवकर थकवते. पाते दांड्याशी थोडा कोन करून असते आणि हा कोन पुढच्या दिशेला झुकलेला हवा. डोळ्यांना हे उलटे वाटते, पण त्यामुळेच वल्ह्याचा पल्ला संपतानाही पाते पाण्यात उभे राहते आणि पाणी वर उचलण्यात जोर वाया जात नाही.

कर्लीसाठी फिनचा, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे बसवायच्या पराचा, विचार वेगळा करावा लागतो. बोर्डाबरोबर येणारे मधले फिन आठ-नऊ इंच खोल असते. ओहोटीला खाडीत वाळूचे पट्टे वर येतात, आणि फिन अशा पट्ट्यात रुतले की बोर्ड जागच्या जागी थांबतो व उभा माणूस पुढे फेकला जातो. उथळ पाण्यासाठी आखूड, लवचीक फिन वेगळे घ्यावे. पडायची वेळ आलीच तर सपाट, अंग पसरून पडावे, डोके खाली घालून मुळीच नाही. खडकांना कालवांची धारदार कवचे चिकटलेली असतात, म्हणून पायांत पातळ रबरी बूट असावेत.

लीश म्हणजे बोर्डाला आपल्याशी बांधून ठेवणारा दोर. बोर्ड हेच आपले सर्वांत मोठे तरंगते साधन आहे आणि वाऱ्यावर तो पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जातो, म्हणून लीश नसेल तर मी कुणालाही पाण्यात उतरू देत नाही. संथ जलाशयात पायाला बांधायची, वेटोळ्यांची लीश चालते. वाहत्या पाण्यात मात्र तीच घातक ठरते. जाळ्याच्या खुंटाला किंवा नांगराच्या दोराला ती अडकली तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो, आणि घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. भरती-ओहोटीच्या खाडीत कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी लीशच वापरावी. लाइफ जॅकेटला पर्याय नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ मध्येच लाटांच्या पट्ट्याबाहेरील पॅडलबोर्डाला जलयान ठरवून जॅकेट जवळ बाळगणे आवश्यक केले. कमरेच्या पट्ट्यात घडी केलेली, दोरी ओढल्यावर फुगणारी जॅकेटे मिळतात. ज्याला उत्तम पोहता येते त्याने ती घ्यावीत, इतरांनी फोमचे साधे जॅकेट अंगात घालावे.

एवढे साहित्य जमल्यावर वेळेचा हिशेब उरतो, आणि तो आपल्या पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हे किनाऱ्यावरचे जुने गणित आहे. एकादशीला ती सव्वाआठ येते. दशमी ते द्वादशी या दिवसांत सकाळच्या भरतीच्या शेवटच्या दोन तासांत पाण्याबरोबर वर, नेरूरपारच्या दिशेने जाता येते आणि ओहोटीने जोर धरण्याआधी परतता येते. सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासाला मिळून निम्मे पाणी बाहेर पडते, त्या वेळी संगमाजवळ थांबू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ सर्वाधिक, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ती सौम्य असते.

वाऱ्याचीही दोन रूपे आहेत. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि त्यामुळे तारकर्लीचा समुद्र किनाऱ्यावरून आरशासारखा दिसतो. माडांचा आडोसा संपला की हाच वारा पाठीत लागतो व माणसाला नकळत आत नेतो. सकाळच्या शांत समुद्रापासून नवशिक्याने दूर राहावे ते यासाठी. दुपारी खारा वारा सुटला की उभे शरीर शिडाचे काम करते. अशा वेळी गुडघ्यांवर बसून, आणि तरीही पुढे सरकत नसेल तर पालथे पडून हातांनी पाणी मारत जवळचा काठ गाठावा, पण बोर्ड सोडून पोहत निघू नये.

परतल्यावर बोर्ड उन्हात टाकू नये, कारण हवा तापून दाब वाढतो आणि सांध्यांवर ताण येतो. सावली नसेल तर थोडी हवा सोडावी. बोर्ड, लीश आणि वल्ह्याचे सांधे गोड्या पाण्याने धुवावेत. पावसाळ्यात खाडीतील जलक्रीडा बंद असतात, तेव्हा बोर्ड पूर्ण वाळवून सैल गुंडाळावा आणि त्याच्या झडपेचे झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवावा.