अम्मीचं रडणं आणि कबरीतला अजाब

अब्बा गेले त्या दिवशी फोंड्याच्या घरात अम्मी मोठ्यानं रडायला लागली आणि नात्यातल्या एका चाचांनी तिला तिथल्या तिथं गप्प केलं, भाभी रडू नका, घरचे रडले की मय्यतला (गेलेल्या माणसाला) कबरीत अजाब (शिक्षा) होतो, बुखारीत हदीस आहे. (हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची पुढे सांगत आलेली नोंद, आणि बुखारी म्हणजे इमाम बुखारींनी केलेला हदीसचा संग्रह.) झालं. अम्मी जी गप्प झाली ती चाळीसावं होईपर्यंत, रात्री पदर तोंडात धरून पडायची. माणूस गेल्याचं दुःख आणि त्यात ही भीती की माझ्या रडण्यानं त्यांना तिकडे त्रास होईल.

मला पटलं नव्हतं, पण हदीस म्हटल्यावर तोंड कोण उघडणार. मग मराठी भाषांतरातलं कुराण घेऊन बसले (मी मराठी मीडियमची, उर्दू वाचताना अडखळते) आणि सूरह अनआममध्ये, 6:164, सरळ लिहिलंय की ओझं वाहणारा कोणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. हीच गोष्ट कुराणात 5 ठिकाणी येते! मग अम्मीच्या अश्रूंचा हिशोब अल्लाह अब्बांकडून का घेईल?

आणि खरं तर हा प्रश्न माझा नाहीच, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचा आहे. रडण्याची ही रिवायत (सांगत आलेली हदीस) पैगंबरांचे साथी हजरत उमर आणि त्यांचे चिरंजीव इब्ने उमर यांच्याकडून आलेली, ती आयेशांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी कुराणातली ही ओझ्याचीच आयत (वचन) पुढे ठेवली, म्हणाल्या की सांगणारे खोटं बोलणारे नाहीत पण ऐकण्यात चूक होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पैगंबर एका वारलेल्या ज्यू बाईबद्दल बोलले होते, की घरचे तिच्यासाठी रडतायत आणि तिला कबरीत अजाब होतोय. रडण्यामुळे नव्हे. आयेशांची ही दुरुस्ती बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे, कोणी लपवलेली नाही, फक्त मय्यतीच्या घरात कोणी सांगत नाही.

बघा ना, पैगंबरांची वफात (निधन) 632 ची, इमाम बुखारींचा जन्म 810 चा. त्यांनी सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी तपासली, कोणी कोणाकडून ऐकलं ते कसून बघितलं, त्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण सनद पक्की असून मजकुरात चूक राहू शकते हे आयेशांनी पहिल्याच पिढीत दाखवलं होतं. इमाम बुखारींनी स्वतः त्या प्रकरणाच्या मथळ्यात अट घातलीय की अजाब होतो तो मय्यतची स्वतःचीच तशी आक्रोश करण्याची रीत असेल तर, आणि पैगंबर स्वतः मुलगा इब्राहिम गेला तेव्हा रडले, तेही बुखारीतच. चाचांपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं.

मामू म्हणतात असं करत गेलीस तर नमाजच्या रकाती (नमाजमधली ठरावीक आवर्तनं) कुठून आणशील, त्या कुराणात नाहीत. बरोबर आहे, म्हणून मी सगळ्या हदीस सोडा म्हणत नाहीये, नमाज पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी मिळून पढलेली आहे आणि ही एकदोघांनी ऐकलेली गोष्ट, दोन्हींचं वजन सारखं कसं? कुराणाला लावून बघायचं, एवढंच.

अम्मीला आयेशांचं सगळं वाचून दाखवलं. तिनं फक्त विचारलं, "त्यांनी उमरच्या लेकाला असं सांगितलं?" आणि परत वाच म्हणाली.